पाऊण युनिटाची बॅटरी आणि सह्याद्रीतला डिसेंबर

हायब्रिड गाडी शहरातल्या रहदारीसाठी ठीक, घाटमाथ्यावरच्या दगडधोंड्यांत तिचं काय काम, असं सांगलीत मला बऱ्याच जणांनी ऐकवलं आहे. मला ते पटत नाही. ही गाडी जीप नाही हे खरंच. पण तिची ताकद कुठून येते, कुठे साठते आणि कुठे कमी पडते हे नीट समजून घेतलं, तर सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडचे कच्चे रस्ते ऐन थंडीतही तिच्यातून निवांत होतात. या फेरीत प्रवास सुखाचा झाला तो आधीच्या तयारीमुळे, म्हणून तयारीपासूनच लिहिते.

बरोबर दोघं होते. माझे वडील अप्पा, एसटीतून निवृत्त झालेले चालक; सातारा, महाबळेश्वर, कोयना या भागातले घाट त्यांनी वर्षानुवर्षं चालवलेले. आणि माझा भाचा, जो वालचंद कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकतो. अप्पांना त्यांचे जुने रस्ते एकदा पाहायचे होते, भाच्याला गाडीचं वीजकारण तपासायचं होतं आणि मला दोन्ही.

निघायच्या आदला दिवस : सांगली

गाडी टोयोटा हायरायडर, स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे काही वेळ नुसत्या मोटरवरही चालणारी. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, जोडीला इलेक्ट्रिक मोटर आणि मागे डिकीकडे 177.6 व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी. दोन्हींची मिळून ताकद 116 पीएस. ओढ मात्र पुढच्या दोन चाकांनाच. पुढचा सगळा हिशेब या शेवटच्या गोष्टीवर बेतायचा, हे आम्ही आधीच ठरवलं होतं.

सकाळी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. मी सगळ्यात आधी बघायला सांगितली ती छोटी 12 व्होल्टची बॅटरी. हायब्रिडमध्ये ही बॅटरी इंजिन फिरवतच नाही. ते काम मोठ्या बॅटरीच्या जोरावर जनरेटर करतो. छोटी बॅटरी फक्त गाडीतले संगणक जागे करते आणि मोठ्या बॅटरीचे रिले, म्हणजे विजेचे आपोआप चालणारे स्विच, जोडते. काम हलकं असल्यामुळे ती कमजोर झाली तरी बरेच दिवस कळत नाही. साध्या गाडीत सेल्फ रडायला लागला की माणूस सावध होतो, इथे तशी काही खूण मिळत नाही. आणि थंडीच्या एखाद्या पहाटे ती बसली, की मागची मोठी बॅटरी भरलेली असूनही ‘रेडी’चा दिवा लागत नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटरवर 12.6 च्या आसपास व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, 12.2 च्या खाली गेले तर निम्मी उतरलेली. आमची 12.5 दाखवत होती. तरीही जंप केबल डिकीत टाकली. दुसऱ्या गाडीकडून करंट घ्यायला चालतो. आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची गाडी चालू करून द्यायच्या भानगडीत मात्र पडू नये.

मग तेल-पाणी. यात कूलंट दोन ठिकाणी बघायचं असतं, एक इंजिनाचं आणि दुसरं इन्व्हर्टरचं, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला लागते तशी बदलून देणाऱ्या यंत्राचं. दोन्हींच्या टाक्या वेगळ्या, दोन्हींत कंपनीचं तयार मिसळलेलं कूलंटच घालायचं. नळाचं पाणी ओतायची आपल्याकडे सर्रास सवय आहे, आणि इन्व्हर्टरच्या टाकीकडे तर कुणाची नजरच जात नाही. पाणी आणि अँटिफ्रीझ निम्मं-निम्मं असलं की ते उणे 35 अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. साताऱ्याच्या थंडीला इतकी गरज नाही, पण ते मिश्रण गंज धरू देत नाही आणि चढावर उकळूही देत नाही.

मोठ्या बॅटरीला थंड ठेवायला गाडीच्या आतली हवा ओढणारी जाळी असते. भाच्याने ती आणि तिच्यामागची गाळणी काढून मऊ ब्रशने झाडली. उसाच्या फडातला आणि कच्च्या रस्त्यांवरचा बारीक फुफाटा तिच्यात कणकेसारखा चिकटून बसला होता. त्या जाळीसमोर पिशव्या, चादरी, पाण्याचे कॅन ठेवायचे नाहीत, हा नियम अप्पांनाही सांगून ठेवला, कारण सामान लावायचं काम त्यांचं.

ब्रेककडे मिस्त्रींनी आपणहून लक्ष वेधलं. हायब्रिडमध्ये वेग कमी करायचं बरंचसं काम मोटर करते आणि त्यातून होणारी वीज बॅटरीत भरते, त्यामुळे पॅड फारसे झिजत नाहीत, पण न वापरल्याने डिस्कवर गंज धरतो आणि कॅलिपरच्या पिना आखडतात. त्यांनी चारही चाकं काढून पिना साफ करून ग्रीस लावलं. मग गाडी लिफ्टवर घेऊन खालचं बघितलं. हवा कापण्यासाठी तळाला प्लास्टिकची आवरणं बसवलेली असतात. दगड घासला की त्यांच्या क्लिपा सुटतात. काही क्लिपा बदलल्या. मिस्त्री म्हणाले, “ताई, खाली लोखंडी पत्रा ठोकून देऊ का? दगडाला बरा पडंल.” मी नको म्हटलं. मोठ्या बॅटरीकडून पुढे येणाऱ्या उच्च दाबाच्या तारा गाडीच्या तळातून जातात. अंदाजाने भोक पाडायची ती जागा नव्हे. नारंगी आवरणाच्या तारेला कुणीही हात लावायचा नाही, हे त्यांना ठाऊक होतंच. त्यांच्या हाताखालच्या पोराला मात्र त्यांनी तिथेच उभं करून ते परत सांगितलं, ते मला फार आवडलं.

डिकीत काय घेतलं? हवा भरायचा छोटा पंप, प्रेशर बघायचं मीटर, फावडं, ओढायचा जाड पट्टा, बंपरमध्ये आटे घालून बसवायचा हुक, टॉर्च, दोन जाड लाकडी फळ्या. आणि भडंग, घरच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी.

पहिला दिवस : सांगली ते सातारा, सडावाघापूरमार्गे

भल्या पहाटे निघायचा बेत अप्पांनी मोडून काढला. “कारखान्याचा हंगाम हाय. कृष्णाकाठाला धुकं आन् म्होरं उसाची ट्रॉली. ऊन पडू दे, मग काढ गाडी.” त्यांचं खरं होतं. या दिवसांत इकडे थंडीचा खरा धोका म्हणजे धुक्यात मागचा दिवा नसलेली, दोन ट्रॉल्या जोडलेली, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेली ट्रॅक्टरची लांबलचक गाडी. रस्त्याच्या कडेला टायर फुटून उभी असेल तर आणखी वाईट. धुक्यात अप्पर लाइट लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपर आणि फॉग लॅम्प पुरतात. काचेला आतून वाफ धरू लागली की एसी चालू ठेवून हवा काचेवर सोडायची, थंडी असली तरी. हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे गाडी उभी असताना त्यासाठी इंजिन सतत फिरत राहत नाही.

पेठ नाक्याला महामार्गाला लागलो. कऱ्हाडपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजाग वळवलेला रस्ता आणि वाहनांची रांग. अशा रेंगाळत्या रहदारीत गाडी बराच वेळ नुसत्या मोटरवर चालते, तेवढा आराम. कऱ्हाडहून पाटणला वळलो आणि कोयनेचं खोरं सुरू झालं.

पाटणहून सडावाघापूरचा चढ सुरू होण्याआधी थांबून टायरमधली हवा पाच-सहा पीएसआयने कमी केली. दारापाशी कंपनीचा जो आकडा लिहिलेला असतो, तिथून मोजायचं. हवा कमी केली की टायरचा जमिनीवरचा पसारा वाढतो, खडी आणि सैल मुरूम जास्त धरतो, आणि हाडं खिळखिळी होत नाहीत. पण आपले टायर साध्या रस्त्याचे. सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरचा, जांभा धारदार असतो. फार हवा काढली तर दगड आणि रिंग यांच्यामध्ये टायरची बाजू चिमटून फाटते. म्हणून पाच-सहा, दहा नाही.

वर पोचलो आणि अप्पा गाडी थांबवायला सांगून खाली उतरले. पावसाळ्यात इथे वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा बघायला झुंबड असते. डिसेंबरात सगळा सडा पिवळा पडलेला, गवत कमरेपर्यंत वाळलेलं, पवनचक्क्या संथ फिरणाऱ्या आणि मैलभर माणूस नाही. मला हा सडा पावसाळ्यापेक्षा थंडीतच जास्त आवडतो. वाळल्या गवताबद्दल एक काळजी मात्र घ्यायची. इंजिनखालचा सायलेन्सरचा भाग तापलेला असतो, त्यामुळे उंच वाळक्या गवतावर गाडी उभी करायची नाही. मोकळा कातळ बघूनच गाडी लावली. आणि सड्यावर चाकोरी सोडून गाडी घालायचीच नाही. जांभ्यावरची वीतभर माती आणि त्यातले कंद यांच्यावरच पावसाळ्यातली सगळी फुलं उभी असतात.

पवनचक्क्यांकडे जाणाऱ्या मुरमाड वाटांवर गाडीची पहिली परीक्षा झाली. तासाला पाच-सात किलोमीटरचा वेग आणि नुसती मोटर. खडीचा चरचर आवाज ऐकू येतो, चाक कुठल्या दगडावर चढतंय ते कळतं. क्लच नाही, त्यामुळे तो जळायची भीती नाही, आणि मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण जोर देते. दगड चढताना पाय इतका हळू दाबता येतो की चाक दगडावर टेकतं, क्षणभर थांबतं आणि मग वर येतं. गिअरच्या गाडीत हे इतक्या शांतपणे मला कधीच जमलं नव्हतं. अप्पा शेजारी बसून गप्प बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “हात चांगलाय गाडीचा.” एसटीच्या चालकाकडून ही मोठी पावती.

तारळ्याकडून उतरून महामार्गाला लागण्याआधी टायरमध्ये हवा परत भरली. कमी हवेवर महामार्गाच्या वेगाने धावणं म्हणजे टायर तापवून फाडणं. मुक्काम साताऱ्यात, आत्याकडे.

दुसरा दिवस : कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर

यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलो. 2012 साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून कासचं पठार युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं, आणि तेव्हापासून सप्टेंबरात तिथे पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरात पठार मोकळं आणि तलावावर धुक्याचा पातळ पदर. पाऊण तास थांबून बामणोलीला उतरलो.

बामणोलीला शिवसागराच्या काठावर बसून भाकरी सोडली. कोयना धरणाचं हे पाणी इथवर पसरलेलं. खाली किती गावं गेली आणि त्यांतली माणसं कुठे कुठे पांगली, ते अप्पा सांगत होते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा अप्पा शाळकरी पोर. सांगलीतही मांडणीवरची भांडी कशी खणखणत खाली आली, ते त्यांना अजून आठवतं. कोयनेच्या पाण्याकडे बघताना त्यांच्या पिढीला वीज आणि भूकंप दोन्ही एकदमच आठवतात.

तिथून तापोळ्याकडे पाणलोटाच्या काठाने जायचं होतं. वाट अरुंद. कुठे डांबर, कुठे उखडलेली खडी, कुठे पावसाळ्यात वाहून गेलेल्या कडा. निघण्याआधी पुन्हा हवा कमी केली आणि सामान हलवलं. जड होतं ते सगळं डिकीतून काढून मागच्या सीटच्या पायांशी आणलं. पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी चढाला लागली की वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि सैल खडीवर नुसती फिरतात. म्हणून वजन जितकं पुढे तितकं बरं.

एका चढावर तसं झालंच. खडी सैल, डावं चाक फिरायला लागलं, ट्रॅक्शन कंट्रोलने लगेच ताकद तोडली आणि गाडी थबकली. रस्त्यावर ही यंत्रणा जीव वाचवते, पण सैल चढावर नेमकी हवी तेव्हाच ती गाडीचा जोर काढून घेते. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण दाबून ते बंद केलं, ब्रेक धरून थोडं मागे आले, स्टिअरिंग जरा वळवून चाकोरीतला घट्ट भाग पकडला आणि एका लयीत वर गेले. चढावर अडल्यावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून उभी ठेवायची नाही, हेही इथे सांगते. चाक फिरत नसताना मोटरमधून करंट वाहत राहिला की मोटर आणि इन्व्हर्टर तापतात. थांबायचं तर ब्रेकवरच.

आणि मग पुढच्या ओढ्याच्या उतारावर ते घडलं, ज्याची चर्चा भाच्याने आदल्या रात्रीच काढली होती.

या गाडीला रिव्हर्सचा असा वेगळा गिअर नसतो. मागे जायचं काम मोटर उलटी फिरवून होतं. पुढे जाताना इंजिन आणि मोटर दोघं ओढतात, मागे जाताना एकटी मोटर. इंजिनाचा जोर मागे जायला वापरताच येत नाही, उलट ते चालू असेल तर त्याचा काही जोर पुढच्याच दिशेने लागतो. म्हणजे ज्या उतारावरून उलटं वर यावं लागेल, तिथे ही गाडी सगळ्यात कमजोर. माहितीपत्रकात हे कुणी लिहीत नाही, पण कच्च्या रस्त्यावर नेणाऱ्याने सगळ्यात आधी हेच लक्षात ठेवावं.

आम्ही उतरत होतो आणि खालून वडाप आलं. जीप खच्चून भरलेली, मागे दोघं लटकलेले, टपावर पोती. वाट एकाच गाडीची. चढणाऱ्याला वाट द्यायची हा घाटाचा जुना कायदा, त्यामुळे मागे जायचं आम्हीच. अप्पा आणि भाचा दोघंही खाली उतरले, तेवढंच वजन कमी. भाच्याने पडद्याकडे बोट दाखवलं. नुकतंच उतरून आल्यामुळे बॅटरीच्या जवळजवळ सगळ्या पट्ट्या भरलेल्या. “आत्या, आत्ताच आहे तेवढं करंट. मध्ये थांबू नकोस.” अप्पा मागे जाऊन आरशात दिसतील असे उभे राहिले. आर टाकला, ब्रेक सोडत पाय दाबला. क्षणभर गाडी जागची हलेना. आणखी थोडा पाय दाबला, तशी ती मोटरचा बारीक सूर काढत मागे सरकायला लागली. अप्पांचा हात डावीकडे, मग सरळ, मग पुन्हा डावीकडे. चाक एकदाही फिरलं नाही. त्याचं कारणही भाच्याने नंतर सांगितलं: उलटं चढताना पुढची चाकं उताराच्या बाजूला येतात, गाडीचं वजन त्यांच्यावरच पडतं, त्यामुळे पकड उत्तम मिळते. पुढे चढताना जोर भरपूर पण पकड कमी, मागे चढताना पकड भरपूर पण जोर कमी. हे एकदा डोक्यात बसलं की गाडी कुठे घालायची आणि कुठे नाही, ते आपोआप ठरतं.

वडापवाल्याने जाताना हात केला. “विजेवरची का हो? आवाजच न्हाई,” असं विचारून गेला. त्यानंतर प्रत्येक आंधळ्या उतारावर भाचा आधी पायी जाऊन पलीकडून कुणी येत नाही ना ते बघायचा आणि शिट्टी द्यायचा. वेळ लागला, पण परत उलटं यावं लागलं नाही.

ओढ्यात पाणी घोट्याइतकंच होतं. तेही अप्पांनी काठीने बघितलं आणि मगच गाडी घातली. उच्च दाबाची यंत्रणा पाण्यापासून झाकलेली असते, पण या गाडीची बॅटरी आणि तिची हवेची वाट मागच्या बाजूला खाली आहे. गुडघाभर पाण्यात धाडस करायला ही गाडी बनलेली नाही.

तापोळ्याला पोचलो तेव्हा पलीकडच्या कांदाटी खोऱ्यात जाणारा तराफा काठाला लागत होता आणि त्यावरून एक जीप उतरत होती. चहा घेतला, हवा भरली आणि महाबळेश्वरचा चढ धरला. या चढावर इंजिन एकसारखं वरच्या सुरात ओरडत राहतं, वेगाशी त्या आवाजाचा मेळ बसत नाही. पहिल्यांदा ऐकणारा घाबरतो. ई-सीव्हीटीत, म्हणजे इंजिन आणि मोटरची ताकद चाकांकडे नेणाऱ्या यंत्रणेत, वेगवेगळे गिअर नसतात. जिथे इंजिनाला हवी तेवढी ताकद देता येते त्या फेऱ्यांवर ते स्थिर राहतं, इतकंच.

तिसरा दिवस : वेण्णा तलाव आणि केळघरचा घाट

रात्री झोपण्याआधी गाडीतले सगळे दिवे बघितले, चार्जर काढले आणि किल्ली खोलीत गाडीपासून लांब ठेवली. स्मार्ट किल्ली गाडीजवळ असली की दोघांचं एकमेकींना हाका मारणं चालूच राहतं आणि छोटी बॅटरी उतरते.

पहाटे वेण्णा तलावाकडे जायला निघालो तेव्हा गाडीतला काटा 5 अंश दाखवत होता. ‘रेडी’चा दिवा लगेच लागला. काही सेकंदांत इंजिन आपणहून सुरू झालं आणि बॅटरी भरलेली असूनही बंद होईना. थंडीत हे असंच होतं. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंजिन गरम होईपर्यंत गाडी नुसत्या विजेवर जात नाही. हीटरची ऊबही इंजिनाच्या कूलंटमधूनच येते. हीटर 28 वर ठेवला तर केवळ तेवढ्यासाठी इंजिन पुन्हा पुन्हा चालू होतं, 21-22 वर ठेवला की कमी होतं. थंडीत हायब्रिडचं ॲव्हरेज पडतं ते मुख्यतः यामुळे. जागेवर उभं राहून इंजिन तापवत बसण्यात अर्थ नाही. हळू चालवत निघालं की ते लवकर तापतं.

तलावाकाठच्या गवतावर दव गोठलेलं होतं. हवा 5 अंश असताना पाणी कसं गोठतं, असं भाच्याने विचारलं. निरभ्र रात्री जमीन आणि गवत आपली उष्णता आकाशाकडे सोडतात, त्यामुळे गवताचं पातं भोवतालच्या हवेपेक्षा बरंच थंड होतं. त्यात थंड हवा जड म्हणून खोलगट जागी साचते. म्हणून गावात दव आणि तलावाकाठी, लिंगमळ्याकडे हिमकण. आमच्या गाडीच्या टपावरही पांढरा थर होता. बोटाने ओढला तर मिठासारखा भुरभुरत निघाला. शेजारचा एक पर्यटक काचेवर गरम पाणी ओतायला निघाला होता, त्याला अप्पांनी थांबवलं. “तडकंल की काच, साहेब.” फडक्याने पुसलं आणि आतून हवा सोडली की भागतं.

टायरचं मीटर लावलं तर आदल्या दुपारी तापोळ्याला भरलेल्या हवेपेक्षा अडीच-तीन पीएसआय कमी. साडेपाच अंश तापमान उतरलं की साधारण 1 पीएसआय उतरतो. तापोळ्याची दुपार आणि महाबळेश्वरची पहाट यांत चोवीस-पंचवीस अंशांचा फरक, म्हणजे चार-साडेचार जायला हवेत. पण सुमारे साडेतेराशे मीटरवर बाहेरच्या हवेचा दाबही कमी, त्यामुळे मीटरवर एक-सव्वा परत मिळतो. भाच्याचा हिशेब बरोबर जुळला, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

हिमाचलात खऱ्या बर्फात गाडी न्यायचं त्याच्या मनात आहे. तिथे मात्र तयारी वेगळी: बर्फाचे टायर, साखळ्या त्याही पुढच्याच चाकांना, काच धुवायच्या पाण्यात न गोठणारं द्रव. साताऱ्यातला अनुभव तिथे अपुरा पडेल, हे त्याला मी स्पष्ट सांगितलं.

परतीला केळघरचा घाट निवडला, कारण तो अप्पांचा. “चढताना जो गिअर, उतरताना तोच,” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. घाट सुरू होताना त्यांनी विचारलं, “मग हिला गिअरच न्हाई तर इंजिनाचा ब्रेक कसा लागायचा?” प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा होता.

आम्ही तिघं आणि सामान धरून गाडीचं वजन साधारण दीड टन. असं वजन शंभर मीटर उंचीवरून खाली आलं की सुमारे 0.4 युनिट ऊर्जा मोकळी होते, वीजबिलात असतं तेच युनिट. महाबळेश्वरहून मेढ्याकडे उतरायचं ते सहाशे मीटरच्या वर, म्हणजे अडीच युनिटांच्या आसपास. आणि आपली बॅटरी आहे 0.76 युनिटची, पाऊण युनिट. त्यातलीही सगळी वापरली जात नाही. घर्षणात आणि हवेत काही ऊर्जा जाते ती वजा केली, तरी घाटाच्या पहिल्या काही वळणांतच बॅटरी भरून जाते. एकदा ती भरली की मोटरचा ब्रेक काम करेनासा होतो, कारण वीज ठेवायला जागाच उरत नाही. तेव्हा सगळा भार साध्या ब्रेकवर आला तर ते तापतात आणि पॅडल मऊ पडतं. म्हणून दांडी बी वर घ्यायची. मग गाडी इंजिनाला पेट्रोल न देता नुसतं फिरवते आणि त्याच्या विरोधावर वेग रोखते. तेव्हा इंजिनाचा आवाज एकदम चढतो, त्याला घाबरायचं नाही.

तिसऱ्या-चौथ्या वळणावर पट्ट्या भरल्या. बी वर घेतलं, इंजिन घुमायला लागलं, वेग तिशीच्या आत बांधला गेला. अप्पा डोळे मिटून तो आवाज ऐकत होते. “दुसरा गिअर,” ते म्हणाले. जुन्या एसटीत याच उतारावर ते दुसराच टाकायचे. एन मध्ये टाकून उतरायचा विचारही कुणी करू नये. त्यात इंजिनाचा ब्रेक नाही आणि बॅटरीही भरत नाही.

मेढ्याच्या पुढे सपाटी लागल्यावर स्टिअरिंग अप्पांकडे दिलं. साताऱ्यापर्यंत त्यांनी आणली. कंदी पेढे घेतले आणि दिवस मावळायच्या आत सांगली.

परत आल्यावर

दुसऱ्याच दिवशी गाडीचा तळ धुऊन घेतला. मिस्त्रींनी पुन्हा वर उचलली. आवरणाच्या दोन क्लिपा तुटलेल्या, एका ठिकाणी दगड घासल्याची रेघ, नारंगी तारांची वाट शाबूत. बॅटरीची गाळणी तीन दिवसांत पुन्हा मातकट झालेली. घाट, कच्चे रस्ते आणि पहाटेची थंडी धरून ॲव्हरेज लिटरला 19 च्या आसपास पडलं. सपाट रस्त्याच्या मानाने कमीच आहे, पण ज्या वाटेने गेलो त्या मानाने मला ते उत्तम वाटतं. छोट्या बॅटरीला मिस्त्रींनी आणखी एक हिवाळा दिला आहे, मी ती उन्हाळ्याआधीच बदलणार. फेब्रुवारीत चांदोलीच्या बाजूला जायचं ठरतंय. त्या वेळी दाजींची फोर-व्हील जीप बरोबर असेल आणि ओढायचा पट्टा तिच्यात.